गालिच्यातली ओल

गालिच्याला बुरशी लागली असं कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग काय टाकलं त्यावर?" कुणी फिनाईल सुचवतं, कुणी डेटॉल, कुणी खायचा सोडा, कुणी लिंबाचा रस. त्या पावसाळ्यात आमच्या क्वार्टरच्या ओळीतल्या बायकांनी मला हे सगळे उपाय अगदी मनापासून सुचवले. गालिचा आज पुन्हा हॉलमध्ये अंथरलेला आहे. त्याला वास येत नाही, सूत शाबूत आहे. त्यावर काय टाकलं ते दोन ओळींत सांगून होईल. पण तो वाचला त्यातलं पाणी काढल्यामुळे, आणि ते पाणी येत कुठून होतं हे सापडल्यामुळे. त्याला वेळ लागला, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. इकडे दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी हीच वेळ येते.

आम्ही राहतो ते जवाहरनगर म्हणजे भंडारा आयुध निर्माणीची वसाहत. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर ठाणा लागतं, त्याच्या जवळच. साठच्या दशकात निर्माणी उभी राहिली आणि तिच्याबरोबर ही वसाहतही. ऑक्टोबर २०२१ पासून निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, पण आमच्या तोंडी 'फॅक्टरी'च राहिली. वसाहतीत झाडी दाट आहे. बाहेर पडलं की धानाच्या बांध्या आणि माजी मालगुजारी तलाव. हा तलावांचाच जिल्हा. वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रोवणी झाली की बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, तलाव भरलेले असतात, आणि हवेतही पाणीच असतं. डब्यातलं मीठ ओलं होतं, पापड सादळतात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी भुकटी धरते. याची सवय झालेली असते. पण गालिच्याचं तसं नव्हतं.

हा गालिचा माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा. ते फॅक्टरीत होते. कारखान्याच्या वसाहतीत देशभरातून आलेली माणसं शेजारी म्हणून राहतात. मामाजींच्या खात्यात मिर्झापूरकडचे एक सहकारी होते. ते सुट्टीवर गावी निघाले तेव्हा मामाजींनी त्यांच्याकडे पैसे दिले आणि त्यांनी येताना रेल्वेतून हा गालिचा आणला. भदोही-मिर्झापूरचे हाताने विणलेले गालिचे नावाजलेले. भदोहीच्या गालिच्यांना पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. आमचा साधारण सहा फूट बाय नऊ फूट. लाल भूमी, गडद निळी किनार, आत साईच्या रंगाची फुलं. मामाजी निवृत्तीनंतर दुपारी त्यावर बसून पेपर वाचत. माझी दोन्ही मुलं त्यावर रांगली. मामाजी गेल्यावर घरातल्या बऱ्याच वस्तू वाटल्या गेल्या. गालिचा मात्र मी मागून घेतला.

त्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघंही पुण्याला गेलो होतो. घर बंद होतं. आषाढात गेलो ते पोळ्याच्या आदल्या दिवशी परतलो. कुलूप काढून दार लोटलं तसा कुबट वास आला. आधी वाटलं, बंद घराचा असेल. खिडक्या उघडल्या, पंखे लावले, तरी वास एका बाजूनेच येत राहिला. गालिच्याचा खिडकीकडचा कोपरा उचलला तेव्हा कळलं. वरच्या बाजूला लोकरीवर राखाडी, पिठासारखा थर होता. उलटी बाजू पाहिली तर तिथे काळे ठिपके, कुठे सुटे, कुठे एकमेकांत मिसळलेले. हात लावला तर थंडगार. ओल अजून आत होती.

पलीकडच्या वहिनी पाहायला आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "काळी आहे का हो?" त्यांनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात नुसती चौकशी नव्हती. मे २०२१ मध्ये कोरोनातून उठलेल्या लोकांना म्युकरमायकोसिस झाला, केंद्र सरकारने राज्यांना तो अधिसूचित आजार म्हणून जाहीर करायला सांगितलं, आणि 'काळी बुरशी' हे शब्द घराघरात गेले. नागपूरच्या दवाखान्यांत त्या महिन्यांत कितीतरी कुटुंबांनी फार भोगलं. वहिनींच्या नात्यातलं एक माणूस त्यातून गेलं होतं. माझ्या यजमानांनी त्यांना नीट समजावलं, की तो आजार करणारी बुरशी वेगळ्या गटातली. भिंतीवर, कपड्यावर किंवा गालिच्यावर काळी दिसते ती बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस जातीची असते, आणि नुसत्या रंगावरून कुठलाच आजार ओळखता येत नाही. पण काळजी नको असं मात्र ते म्हणाले नाहीत. दमा असलेल्याला, लहान बाळाला किंवा मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला कुठलीही बुरशी त्रास देऊ शकते. ती मेलेली असली तरी तिची भुकटी श्वासातून गेली की ॲलर्जी होऊ शकते. वहिनींना दमा होता. "काम होईपर्यंत तुम्ही इकडे येऊ नका," मी सरळ सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं.

पहिला नियम आम्ही तिथल्या तिथे ठरवला. घरात गालिचा झाडायचा नाही, आपटायचा नाही, ओढायचाही नाही. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत. गालिचा झटकला की ते पडद्यांवर, गाद्यांवर, कपाटात जाऊन बसतात, आणि ओल मिळाली की तिथे नवीन वस्ती करतात. तोंडाला एन-९५ मास्क बांधले, हातात रबरी मोजे घातले. बुरशीची बाजू आत येईल असा गालिचा हळूहळू गुंडाळला, त्यावर जुनी चादर बांधली आणि दोघांनी उचलून मागच्या व्हरांड्यात नेला. ओल्या लोकरीचं वजन किती असतं ते तेव्हा हातांना कळलं. एरवी मी तो एकटी सरकवत असे.

आणि बाहेर झड लागलेली होती. विदर्भात झड लागते तेव्हा तीन-तीन, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पोळा पावसात गेला, तान्हा पोळाही पावसात गेला. पोरं आपले लाकडी नंदी प्लास्टिकखाली धरून फिरत होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "उन्हात टाकून द्या नं बाई, सारं मरून जाते." त्यांचं खरंच होतं, पण ऊन होतं कुठे? आणि ऊन येईपर्यंत गुंडाळून ठेवला असता तर चार दिवसांत तो पुरताच गेला असता. ओलं कापड चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळवलं नाही तर त्यावर बुरशी धरू लागते, असा घरातल्या ओलीबद्दलचा जाणकारांचा ठोकताळा आहे. आमच्या गालिच्यावर तर ती आधीच धरलेली होती.

तेव्हा उपयोगी पडल्या बाजा. मावशींच्या घरून एक आणली, एक आमची होती. दोन्ही सुतळीने विणलेल्या. व्हरांड्यात त्या शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यावर गालिचा उलटा पसरला. जमिनीवर किंवा दोरीवर वाळत घालणं आणि बाजेवर घालणं यात फार फरक आहे. जमिनीवर खालची बाजू वाळतच नाही. दोरीवर ओल्या गालिच्याचं सगळं वजन एका रेषेवर येतं, आणि कुजू लागलेलं सूत तिथेच तुटतं. बाजेवर वजन सारखं वाटलं जातं आणि खालून हवा खेळते. एक उभा पंखा बाजेच्या खाली वारा जाईल असा ठेवला, एक वरून. घराकडे उघडणारं दार बंद करून त्याच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. रात्रंदिवस पंखे चालले. पावसाच्या हवेत असं वाळणं फार सावकाश होतं, पण होतं. तिसऱ्या दिवशी हाताला लागणारा गारवा कमी झाला.

ती झड चालू असताना यांनी मला गालिचा वाचायला शिकवला म्हणायला हरकत नाही. त्यांचं आयुष्य फॅक्टरीतल्या प्रयोगशाळेत गेलं. कापूस म्हणजे सेल्युलोज आणि त्यापासून नायट्रोसेल्युलोज ही इथल्या कामाची रोजची भाषा. ते म्हणाले, "वरची लोकर पाहू नकोस, खालचं सूत पाहा." हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात ताणा आणि बाणा सुती असतो आणि गाठी लोकरीच्या. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसांसारखंच प्रथिन. बहुतेक बुरशींना ते सहजी पचत नाही. लोकरीवर त्या वाढतात त्या मुख्यतः तिच्यात अडकलेल्या धुळीवर, मळावर, सांडलेल्या चहावर. सुती धागा मात्र त्यांचं सरळ अन्न. म्हणून वरून पांढरी भुकटी दिसत असते तेव्हा खरं नुकसान खाली चाललेलं असतं.

तपासायची पद्धत साधी आहे. गालिच्याचा डाग पडलेला भाग दोन्ही हातांत धरून उलट्या बाजूने हलकेच दुमडायचा आणि कानाजवळ न्यायचा. बारीक कडकड ऐकू आली, किंवा ताण्याचा धागा सुईने उचलताना पटकन तुटला, तर सूत कुजलं आहे. मग धुण्यापुसण्याला अर्थ नसतो, तो भाग रफू करणाऱ्याकडेच न्यावा लागतो. आमच्या कोपऱ्यात झालरीचे काही धागे तुटले. आतलं सूत मात्र ताणलं तरी टिकलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला वाटलं, की हा गालिचा राहील.

भंडाऱ्याहून नणंदेचा फोन आला. तिने पहिलं विचारलं, "पाणी कुठलं होतं?" तिने तसं विचारण्याला कारण होतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. मध्य प्रदेशात वरच्या भागात मुसळधार पाऊस झाला, धरणांतून पाणी सोडावं लागलं, आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत ते घरांमध्ये शिरलं. खाली पवनीकडेही तेच. त्यात कोरोनाचे दिवस. नणंदेच्या घरात पाणी ओसरल्यावर गाद्या, सतरंज्या, उशा सगळं चिखलात होतं. तिने सतरंज्या वाचवायचा प्रयत्न केला, दोन-तीनदा धुतल्या, वाळवल्या, पण वास जाईना आणि अंगावर खाज उठू लागली. शेवटी टाकून दिल्या. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं असतं. तशा पाण्यात भिजलेलं जाड कापड, गादी किंवा गालिचा घरात ठेवू नये, कितीही जीव लागलेला असला तरी. तिने फोनवर मला ते पुन्हा बजावलं. मी म्हटलं, आमच्याकडे पाणी नळाचं नाही, गटाराचं नाही, छत गळलेलं नाही. "मग वाचव," ती म्हणाली. पण पाणी कुठलं याचं उत्तर तेव्हा माझ्याकडेही नव्हतं.

उघाड पडली ती एकदम. सकाळी नऊलाच अंगणात कडक ऊन. बाजा बाहेर काढल्या, गालिचा उलटाच ठेवला. लोकरीची बाजू थेट भर उन्हात फार वेळ ठेवली तर जुने रंग उतरतात, विशेषतः लाल. उलटी बाजू तापली की आतली ओल बाहेर पडते आणि ऊन, कोरडेपणा व अतिनील किरण या तिन्हींचा मार बुरशीला बसतो. दुपार टळल्यावर थोडा वेळ सुलटा केला. ओल्यावर कधी ब्रश फिरवू नये. त्याने बुरशी आत सारली जाते. पूर्ण कोरडा झाल्यावर, मास्क बांधून, वाऱ्याकडे पाठ करून, मऊ ब्रशने लोकरीच्या कलाने झाडला. मग उलटा करून पाठीवर हलके थोपटला. व्हॅक्युम क्लीनर होता, पण साधी पिशवी असलेला. तसला बीजाणू ओढून घेतो आणि मागून पुन्हा हवेत सोडतो. बारीक गाळणीचा, हेपा फिल्टरवाला असेल तर घरात चालतो. आमचा अंगणातच चालवला आणि नंतर पिशवी टाकून दिली.

आता त्या दोन ओळी. डाग असलेल्या भागावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या सुती कापडावर घेऊन टिपलं. गालिचा पुसून झाल्यावर रिठ्याचा फेस लावला, फक्त फेस, पाणी नाही.

अल्कोहोल निवडलं कारण ते पटकन उडून जातं, मागे ओल ठेवत नाही. कोरोनानंतर घराघरांत सॅनिटायझर म्हणून बहुधा असंच अल्कोहोल येऊन पडलं आहे, पण सुगंध किंवा चिकट जेल घातलेलं घेऊ नये. ७० टक्केच का, शंभर का नाही, हेही मी यांना विचारलं. त्यातलं थोडं पाणी बुरशीच्या पेशीत शिरायला मदत करतं. शुद्ध अल्कोहोल त्याआधीच उडून जातं. आगीपासून दूर, उघड्यावर, गॅस बंद असताना हे काम करायचं. आणि आधी गालिच्याच्या न दिसणाऱ्या टोकाला ओलं पांढरं कापड दाबून पाहायचं, रंग उतरतो का. आमचा निळा उतरला नाही, लाल किंचित उतरला. म्हणून लालावर कापड घासलं नाही, नुसतं टिपलं. पांढऱ्या व्हिनेगरनेही काम होतं, पाणी मिसळून, तसंच टिपून. पण त्याने पुन्हा ओल येते आणि वाळवायचं काम वाढतं. भाद्रपदात मला एक थेंबही जास्त नको होता.

रिठे रात्री भिजवले, सकाळी उकळून गाळले, पाणी घुसळून वर आलेला फेस तेवढा घेतला. लोकरीला आणि रेशमाला रिठा सोसतो. धुण्याचा सोडा सोसत नाही. तीव्र अल्कलीने लोकर राठ होते आणि तुटते. खायचा सोडा मी वापरला तो अगदी शेवटी, वासापुरता, पूर्ण कोरड्या गालिच्यावर भुरभुरून, आणि काही तासांनी तो सगळा झाडून काढला.

ब्लीचबद्दल मात्र थोडं जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त लोक तेच सुचवतात, आणि त्यानेच सगळ्यात जास्त गालिचे जातात. वहिनींच्या मुलाने बाजारातून बाटली आणूनही दिली होती. यांनी त्याला बोलावलं, काचेच्या वाटीत ते ब्लीच ओतलं आणि गालिच्यातून गळलेला लोकरीचा एक गुंता त्यात टाकला. लोकर आधी पिवळी पडली, मग बुळबुळीत झाली, आणि काही वेळाने वाटीत लोकर राहिलीच नाही. सोडियम हायपोक्लोराइट लोकर चक्क विरघळवतं. तो मुलगा बघत राहिला. मग यांनी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी मला गालिच्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. एकाने काम होत नाही म्हणून ब्लीचवर व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल कधीही ओतायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो.

फिनाईल आणि डेटॉल मी वापरलं नाही. वासावर वास चढतो, आणि खाली बुरशी असतेच.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा गालिचा तयार नव्हता. तोवर दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला हॉलमध्ये तोच अंथरलेला असायचा. त्या वर्षी सतरंज्या अंथरल्या. येणाऱ्या प्रत्येकीने विचारलं आणि प्रत्येकीला मी व्हरांड्यात नेऊन दाखवला. गडबडीने आत आणला असता तर दोन दिवसांत वास परत आला असता, कारण वरून कोरडा वाटणारा गालिचा गाठींच्या मुळाशी ओला असतो. ते ओळखायला कोरडा टिपकागद गालिच्याखाली ठेवून वर जड पुस्तकं रचायची आणि सकाळी कागद पाहायचा. कागद नरम झाला तर ओल आहे. आमचा कागद बरेच दिवस नरम होत राहिला.

त्या दिवसांत आम्ही पाण्याचा शोध घेतला. पहिला संशय फरशीवर. जुनं बांधकाम, तळमजला, पावसाळ्यात जमिनीतून ओल चढत असेल असं वाटलं. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा हातभर चौकोन फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या खाली धरले तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला धरले तर हवेतून. आम्ही हॉलमध्ये तीन ठिकाणी चौकोन लावले. दोन कोरडे राहिले. खिडकीजवळच्या तिसऱ्याच्या खाली मात्र थेंब होते.

म्हणजे सगळी जमीन ओली नव्हती, एकच कोपरा ओला होता. भिंतीला हात लावला तर खालचा दीड फूट थंड, आणि बाहेरून पाहिलं तर त्याच जागी रंगाचे पोपडे. त्या खिडकीत आमचा कूलर असतो. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. मार्चपासून जूनपर्यंत तो रात्रंदिवस चालतो, वाळ्याच्या किंवा लाकडाच्या तंतूंच्या पडद्यांतून पाणी झिरपत राहतं, आणि थोडं थोडं ठिबकत भिंतीच्या पायथ्याशी जातं. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या हवेत ते कुणाला कळत नाही, बाहेरचं बाहेर वाळतं. पण भिंत आतून पीत राहते. त्यावर पाऊस आला, वाळायची सोय गेली, आणि घर बंद असल्याने हवाही फिरली नाही. आमच्या इथे जून-जुलैतही उकाडा असला की लोक कूलर चालवतात. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा हे मी आता ज्याला त्याला सांगते. पावसाळ्याच्या हवेत कूलरचं पाणी गारवा देत नाही, घरात ओल तेवढी भरतं.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आम्ही नंतर घेतलं. ते फार महाग नसतं. खिडक्या बंद असताना त्या हॉलमध्ये ते ऐंशीच्या पुढे दाखवत होतं. साठ टक्क्यांच्या खाली आर्द्रता राहिली तर बुरशीला सहसा वाढता येत नाही. बीजाणू सगळीकडे असतात, धूळ सगळीकडे असते, ऊब तर इथे असतेच. आपल्या हातात एकच गोष्ट उरते, पाणी. ते यंत्र भिंतीवर टांगल्यापासून घर कधी उघडायचं आणि कधी बंद ठेवायचं हे आम्ही त्याच्याकडे बघून ठरवतो. पाऊस पडत असताना खिडक्या उघडून 'हवा खेळवणं' दर वेळी योग्य नसतं, हेही त्यानेच शिकवलं.

याच सुमारास वहिनींनीही त्यांचा गालिचा दाखवायला काढला, नागपुरातून घेतलेला, दिसायला आमच्याहून उठावदार. मी तो उलटा केला तर मागे कापड चिकटवलेलं होतं. ते हाताने गाठी मारलेलं काम नव्हतं, बंदुकीसारख्या यंत्राने लोकर कापडात ठोकून मागून रबराचा डिंक लावतात, त्या पद्धतीचं होतं. हात फिरवला तर खालून भुकटी गळत होती. अशा गालिच्यात पाणी शिरलं की डिंकाच्या थराखाली कोंडून राहतं, ऊन तिथवर पोचत नाही, आणि डिंक कुजून सुटू लागतो. मी त्यांना खरं ते सांगितलं, की याला वाचवता येणार नाही, आणि दमा असताना हा घरात ठेवूच नका. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण त्यांनी तो त्याच दिवशी काढला, आणि आता त्यांच्याकडे सुती सतरंजी आहे. ती धुता येते, पिळता येते, उन्हात दोरीवर टाकता येते. पावसाळी मुलखात, तळमजल्यावर, दम्याच्या माणसाच्या घरात तेच बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

दसऱ्यानंतरचं ऑक्टोबरचं ऊन म्हणजे आमच्याकडे वाळवणाचा दुसरा हंगाम. धान पिवळं पडू लागतं, हवा कोरडी होते, आकाश धुतल्यासारखं असतं. त्या उन्हात गालिचा पुन्हा दोन्ही बाजूंनी वाळला. टिपकागद कोरडा निघाला. वास पूर्ण गेला. काळे ठिपके पुसट झाले, पण किनारीजवळच्या फुलांवर अजून दिसतात. बुरशी मेली तरी तिचा रंग धाग्यात राहतो. तो काढायचा तर रंगकाम उडवावं लागेल, आणि मला ते नको आहे. झालरीचं तुटलेलं टोक मी जाड सुती दोऱ्याने बांधून घेतलं, म्हणजे उसवण पुढे जाणार नाही.

भिंतीचे पोपडे खरवडून ती दिवाळीआधी बाहेरून घासून कोरडी होऊ दिली, मगच रंग दिला. ओल्या भिंतीवर रंग दिला असता तर ओल आत कोंडली असती. कूलरचं स्टँड आता भिंतीपासून लांब असतं आणि खाली ट्रे, त्यातून पाणी नळीने तुळशीच्या वाफ्याकडे जातं. गालिचा रोहिणी नक्षत्र लागलं की उचलला जातो. आधी पूर्ण वाळवायचा, प्लास्टिकच्या जाड पाइपवर सुरकुती न पडता गुंडाळायचा, मांजरपाटाच्या खोळीत घालायचा आणि जमिनीपासून उंच, दिवाणावर आडवा ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही. आत उरलेली जराशी वाफसुद्धा त्यात अडकते. वाळलेला कडुनिंबाचा पाला मी खोळीत ठेवते, पण तो कसरीसाठी, बुरशीला त्याने काही होत नाही. पावसाळ्यात उघाड पडली की खोळ सोडून अर्धा दिवस हवा लागू देते. हॉलमध्ये त्या दिवसांत नुसती फरशी असते, आणि मुलीची पोरगी सुट्टीला आली की तिला तिथे सतरंजीच्या घडीवर बसवतो.

गालिचा आम्ही पुन्हा दिवाळीच्या आठवड्यात अंथरतो. डाग असलेली बाजू दाराकडे येईल असा, म्हणजे ती रोज नजरेसमोर राहते आणि त्या ठिपक्यांत काही वाढ होते का ते कळतं. अजून झालेली नाही.